निळी रेषा शाळेच्या भिंतीवर यावी

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. पाणी कुठवर चढलं होतं, हे पुढं जुनी माणसं भिंतीकडं बोट करून सांगत. ती खूण समजायला अक्षरओळख लागत नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९६२ साली, एमआयडीसी स्थापन झाली. पवना-इंद्रायणीकाठची गावं शहर झाली, मग चाकणला कारखाने आले. पोटापाण्यासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून माणसं आली. त्यांच्या लेकरांना इथला पूर सांगणारी आजी घरात नाही.

सरकार नकाशावर दोन रेषा आखतं. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. सरासरी म्हणजे वायदा नव्हे. असा पूर लागोपाठही येऊ शकतो. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेतले ३६ बंगले महापालिकेनं पाडले, तेव्हा ही रेषा बातम्यांत आली. आपल्या मुलांना मात्र ती शाळेच्या भिंतीवर दिसली पाहिजे.

बाजारातला एकच तक्ता सगळ्या शाळांना चालत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. तिथं धोका डोंगराचा, नदीकाठी पाण्याचा, कारखान्याशेजारी आगीचा आणि वायूचा. म्हणून चित्र आपल्याच शाळेचं हवं: आपलं फाटक, आपला जिना, जमायची आपली जागा. एका चित्रात एकच गोष्ट. अक्षरं मोठी, उंची पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांइतकी. बाण कार्यालयात नको, जिथं वळायचं तिथंच हवा. कारखान्याजवळच्या शाळेवर कापडी पताका लावावी. वारा कुठं वाहतो ते कळलं, की वायूच्या वाटेतून आडवं बाहेर पडता येतं. आणि चित्र काढून झालं की मुलांना त्या वाटेनं चालवून बघावं. जिथं मूल अडखळेल, तिथं चित्र बदलावं.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. तेव्हा बायांनो, पुढच्या बैठकीत एवढंच विचारू या: आपल्या शाळेत पाणी कुठवर येईल, आणि ते भिंतीवर कधी रंगवायचं?