कांदे खाडीपार आले, मदरबोर्ड आला नाही

२१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये मोठा भूकंप झाला. पेपरात बातमी वाचून मी ती विसरूनही गेलो होतो. काही दिवसांनी ग्रँट रोडच्या एका दुकानात तीच बातमी पुन्हा समोर आली.

वाशीहून बाबा आणि मी ६४ एमबीची रॅम घ्यायला गेलो होतो. आई घरी डीटीपीची कामं करायची. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. पेजमेकर उघडला की आमचा कॉम्प्युटर रडायला लागायचा. दुकानदाराने सांगितलेला भाव आम्ही ऐकून आलो होतो त्यापेक्षा बराच चढा होता. बाबांना वाटलं, हा आपल्याला गंडवतोय.

"साहेब, तैवानला भूकंप झालाय, माल येत नाही. हवं तर चार दुकानं फिरून या," तो म्हणाला.

फिरलो. सगळीकडे जवळपास तोच भाव. मेमरी चिप बनवणारे मोठे कारखाने तैवानात होते आणि जगभर रॅम महागली होती. शेवटी पहिल्याच दुकानात परत आलो आणि रॅम घेतली.

या खरेदीसाठी बाबांनी कामावर रजा टाकली होती, कारण रविवारी तो बाजार बंद. वाशीहून हार्बरने कुर्ला, तिथून दादर, मग वेस्टर्नची स्लो लोकल आणि ग्रँट रोड पूर्वेला उतरून चालत लॅमिंग्टन रोड. येताना रॅमची पुडी बाबांच्या शर्टाच्या आतल्या खिशात.

तेव्हा पडलेला प्रश्न मला पुढे बरीच वर्षं छळत राहिला. नवी मुंबई वसवलीच होती जुन्या मुंबईवरचा भार कमी करायला. मग एका रॅमसाठी आम्हाला तिकडे का जावं लागत होतं?

खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. नुसती घरं बांधून माणसं येत नाहीत, रोजगार आणि व्यापारही हलवावा लागतो, हे तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून घाऊक बाजार हलवले. आधी कांदा-बटाटा आला, मग धान्य आणि मसाले, १९९६ मध्ये फळं आणि भाजीपाला. लोखंडाच्या बाजारासाठी कळंबोलीत जागा झाली. १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली.

व्यापारी काही हौसेने आले नाहीत. पण शेतमालाच्या घाऊक व्यापारावर १९६३ च्या बाजार समिती कायद्याचा अंमल होता. बाजार कुठे भरेल हे सरकार ठरवू शकत होतं. मदरबोर्डला असा कायदा नव्हता. सिडकोचे आराखडे कागदावर उतरत होते, तेव्हा घरात कॉम्प्युटर ही वस्तूही नव्हती.

लॅमिंग्टन रोडचा कुणी आराखडा काढला नव्हता. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून नाव पडलं. आज पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी लोकांच्या तोंडी जुनंच नाव आहे. मिनर्व्हा, नाझ, अप्सरा अशा थिएटरांचा हा रस्ता. इथे रेडिओचे सुटे भाग विकले जायचे, मग टीव्ही आणि टेपरेकॉर्डरचे. १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण आणलं, १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली आणि त्याच रस्त्यावर, चुनाम लेनसारख्या गल्ल्यांत, कॉम्प्युटरचे पार्ट दिसू लागले. रेझिस्टर विकणाऱ्या माणसाला हार्ड डिस्क विकायला शिकणं फार अवघड नव्हतं.

दुकानं छोटी. तुम्ही पाच वस्तू मागितल्या तर दोन तिथे असायच्या. उरलेल्या तीन दुकानातला पोऱ्या शेजारून पळत जाऊन घेऊन यायचा. म्हणजे अख्खा रस्ता हेच एक गोदाम होतं. आणि ज्ञानही तसंच वाटून घेतलेलं. त्या काळात इंटेलचे काही प्रोसेसर स्लॉट १ मध्ये बसायचे, काही सॉकेट ३७० मध्ये. "तुमच्या बोर्डावर हा बसणार नाही," हे गुगल नसताना आम्हाला त्या रस्त्यानेच सांगितलं.

पण त्याचं गुणगान गाताना एक गोष्ट लपवायला नको. प्रत्येक वस्तूला दोन भाव असायचे, बिलासह आणि बिलाशिवाय. आयात शुल्क आणि विक्रीकर वाचवून आलेला माल स्वस्त पडायचा. पुढच्या वर्षी आम्ही एक हार्ड डिस्क बिलाशिवाय घेतली. तिसऱ्या महिन्यात ती गेली. दुकानदार म्हणाला, "टेस्टिंग वॉरंटी होती, साहेब." म्हणजे दुकानात चालू करून दाखवली, की जबाबदारी संपली. एका पतसंस्थेचा पूर्ण अहवाल त्या डिस्कवर होता. आईने चार रात्री जागून तो पुन्हा टाइप केला. आम्ही वाचवलेले पैसे तिने असे फेडले.

ही दोन भावांची पद्धत हळूहळू सैल झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराप्रमाणे भारताने २००५ पर्यंत कॉम्प्युटरच्या बहुतेक भागांवरचं आयात शुल्क शून्यावर आणलं. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. मधल्या काळात ऑनलाइन खरेदी रुळली होती. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले, तेव्हाची भाववाढ मी घरबसल्या स्क्रीनवर पाहिली.

आता माझी भाची नेरुळमध्ये बसून पीसी जोडते. कुठला प्रोसेसर कुठल्या बोर्डावर बसतो, हे वेबसाइट सांगते. पार्ट दारात येतात, बिलासकट. आईच्या चार रात्री आठवल्या की हे चांगलंच झालं असं वाटतं.

गेल्या वर्षी मात्र तिचा नवा पीसी सुरूच होईना. परत पाठवायचं तर नेमकं काय? रॅम, बोर्ड की एसएमपीएस? एकेक पार्ट बदलून पाहायला दुसरा पार्ट घरात नव्हता. शनिवारी आम्ही कॅबिनेट चादरीत गुंडाळून लॅमिंग्टन रोडला नेलं. काउंटरवरच्या माणसाने स्वतःची रॅम लावून पाहिली, मग शेजारून एसएमपीएस मागवला. पंखा फिरला.

"हे वाशीत का नाही?" परतताना भाचीने विचारलं.

मी तिला कांद्याची गोष्ट सांगितली. कायद्याने गाळे हलवता येतात. पण शेजारच्या दुकानातून न विचारता एसएमपीएस आणायचा, तर शेजार जुना असावा लागतो.