पैठणचे नाथ आणि संवादाची सूत्रे

मागच्या व्याख्यानात आपण संवादाचे घटक पाहिले. बोलणारा, ऐकणारा, संदेश, भाषा, माध्यम, अडथळा आणि प्रतिसाद. आज हेच घटक आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात शोधू. त्यासाठी लांब जायला नको. संभाजीनगरहून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे, तिथे सोळाव्या शतकात संत एकनाथ होऊन गेले.

पहिला प्रश्न भाषेचा. तेव्हा धर्मज्ञान संस्कृतात होतं. म्हणजे स्त्रिया आणि बहुजन समाज ऐकणाऱ्यांत धरलेलाच नव्हता! नाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि 1573 साली काशीत ती पूर्ण केली. तिथल्या पंडितांनी आधी विरोध केला, असं परंपरा सांगते. विरोध का असावा? भाषा बदलली की ऐकणारा बदलतो, आणि ऐकणारा बदलला की ज्ञानावरची मक्तेदारी जाते.

दुसरा घटक माध्यम. नाथांच्या भारुडात वासुदेव येतो, जोशी येतो, विंचू चावलेला माणूस येतो. लोकांच्या ओळखीची सोंगं, आत अध्यात्म. इतकंच काय, 'अर्जदस्त'मध्ये त्यांनी सरकारी अर्जाचा साचा आणि फारसी वळणाचे दफ्तरी शब्द वापरले. कारण त्या काळच्या रयतेला ती भाषा रोजच भेटत होती.

तिसरा घटक अडथळा. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने 1948 साली संदेशवहनाचा सिद्धांत मांडला. संदेश वाटेत बिघडतो, हे त्यात गृहीतच आहे. आता ज्ञानेश्वरी घ्या. 1290 सालचा ग्रंथ, नकला करता करता त्यात पाठभेद शिरले. नाथांनी 1584 साली तो शुद्ध केला. वर पुढच्यांनी त्यात भर घालू नये, अशी ताकीदही दिली. संदेशातला बिघाड काढायचा आणि पुढचा रोखायचा, दोन्ही कामं त्यांनी केली.

आणि प्रतिसाद? त्यासाठी 'हिंदू-तुर्क संवाद' बघा. दोघं एकमेकांच्या श्रद्धांवर कडक आक्षेप घेतात. तुर्क दखनी वळणाच्या बोलीत बोलतो, हिंदू मराठीत. तरी दोघांना एकमेकांचं कळतं, दोघंही उत्तर देतात, आणि शेवटी समेट होतो. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्यावर मुसलमानी राजवटीत अधिकारी होते. तेव्हा असं दुभाषी वातावरण नाथांना परकं नसणार.

यातून आपण काय घ्यायचं? आपण बोललो म्हणजे संवाद झाला, असं आपल्याला वाटतं. नाथ ऐकणाऱ्यापासून सुरुवात करतात. आज एखादी सरकारी सूचना निघते, ती ज्याच्यासाठी आहे त्यालाच वाचून कळत नाही. मग चूक कुणाची? वाचणाऱ्याची की लिहिणाऱ्याची? पैठणने याचं उत्तर साडेचारशे वर्षांपूर्वी दिलेलं आहे.