वजन उतरवणाऱ्या शस्त्रक्रियांची सत्तर वर्षे

बंगळुरूत आज वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेऊ पाहणाऱ्या माणसापुढे साधारणपणे तीन नावे ठेवली जातात: स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास. शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत या तिन्ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात आणि रुग्ण काही दिवसांतच घरी जातो. निवड करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कशाने जास्त किलो उतरतील? हा प्रश्न अपुरा आहे, असे या शस्त्रक्रियांचा इतिहास वाचला की स्पष्ट दिसते. १९५४ पासून ज्या ज्या शस्त्रक्रियेला सर्वांत चांगली म्हटले गेले, तिचे खरे गुणदोष कळायला दहा-वीस वर्षे लागली. तिचा प्रसार मात्र त्याआधीच झालेला होता, आणि तो बहुतेक वेळा ती करायला सोपी म्हणून झाला होता. तेव्हा पहिल्या वर्षी वजनाचा काटा काय दाखवेल यापेक्षा विसाव्या वर्षी रक्ततपासणी काय दाखवेल, हा विचार आधी झाला पाहिजे. तोही बंगळुरूच्या माणसाचे शरीर आणि आहार समोर ठेवून, कारण वापरात असलेले बरेचसे आकडे आणि नियम दुसऱ्याच देशांतल्या शरीरांवरून बेतलेले आहेत.

सुरुवात अमेरिकेतल्या मिनेसोटात झाली. क्रेमेन आणि लिनर या शल्यविशारदांनी १९५४ मध्ये लहान आतड्याचा मोठा भाग वळसा घालून टाळण्याची कल्पना मांडली. जठराला हात लावायचा नाही, फक्त अन्न शोषणारी वाट छोटी करायची. १९६९ मध्ये पेन आणि डीविंड यांनी तिचे एक प्रमाण रूढ केले: लहान आतड्याचा सुरुवातीचा १४ इंच आणि शेवटचा ४ इंच भाग वापरात ठेवायचा, मधले सगळे वगळायचे. वजन झपाट्याने उतरत असे आणि रुग्णाला जेवण फारसे कमी करावे लागत नसे, म्हणून ही शस्त्रक्रिया हजारोंवर झाली. मग हळूहळू दुसरी बाजू पुढे आली. सततचे जुलाब, मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे खडे, सांधेदुखी आणि काहींचे यकृत निकामी होणे. वगळलेल्या आतड्यात साचून राहणारे जिवाणू आणि कुपोषण ही त्यामागची मोठी कारणे होती. १९८० च्या सुमारास ती शस्त्रक्रिया मागे पडली आणि अनेकांची आतडी पुन्हा जोडावी लागली. तिने वजन उतरवले नाही असे कुणीच म्हणू शकत नव्हते. वजन उतरवण्याच्या कसोटीवर ती पूर्ण उतरली होती, आणि ती कसोटीच तोकडी होती.

आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते आणि पुन्हा सहज वाढत नाही, हे शल्यविशारदांना माहीत होते. त्यावरून मेसन आणि इतो यांनी १९६६-६७ मध्ये जठराचा वरचा लहान कप्पा वेगळा करून तो थेट आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. जोडणी आतड्याच्या वेटोळ्याला होती, त्यामुळे पित्त वर कप्प्यात चढत असे. १९७७ मध्ये ग्रिफेन यांनी त्या जागी वाय आकाराची जोडणी आणली. स्वित्झर्लंडमधल्या सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी पोटाच्या इतर शस्त्रक्रियांत आधीपासून वापरात होती. आज ज्याला नुसते बायपास म्हणतात ते हेच. पित्ताचा हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो पुढे पुन्हा येतो.

मेसन यांनी स्वतःच १९८० च्या सुमारास बायपासपेक्षा सोपी म्हणून जठराला उभे टाके घालून खाली पट्टी बसवण्याची पद्धत आणली. कुझमाक यांनी १९८६ मध्ये आवळता-सैलावता येणारा बँड बसवला, आणि बेल्जियममध्ये बेलाशू यांनी १९९३ मध्ये तो दुर्बिणीतून घातला. काही कापायचे नाही, नको झाले तर काढता येते, ही बँडची मोहिनी होती. भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची सुरुवात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमतन उडवाडिया यांनी पित्ताशय काढून केली होती. त्यानंतरच्या दशकात बंगळुरूत नवी खासगी रुग्णालये उभी राहिली, ओल्ड एअरपोर्ट रोडवरचे मणिपाल १९९१ मध्ये सुरू झाले, आणि दुर्बीण हाताळणारे तरुण शल्यविशारद शहरात तयार झाले. वजनाची शस्त्रक्रिया इकडे आली तेव्हा तिच्याबरोबर बँडही आला. पण बँड सरकतो, जठरात रुततो, अन्ननलिका फुगवतो, आणि वजन पुन्हा चढते, हे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभर दिसले. आज भारतात नवा बँड क्वचितच बसवला जातो.

स्लीव्हचा जन्म तर जवळजवळ अपघातानेच झाला. आतडे बरेच वगळणाऱ्या, ड्युओडेनल स्विच नावाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा ती पहिला टप्पा होती. अतिशय जड रुग्णांना संपूर्ण शस्त्रक्रिया झेपत नसे, म्हणून मिशेल गान्ये यांच्यासारख्या शल्यविशारदांनी २००० च्या सुमारास ती दोन टप्प्यांत करायला घेतली: आधी जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची नळी करायची, वजन उतरले की मग आतड्याचे काम. अनेकांचे वजन पहिल्याच टप्प्यात इतके उतरले की दुसरा टप्पा राहूनच गेला. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये सापडले होते आणि ते मुख्यतः काढून टाकलेल्या भागातच तयार होते, असा शास्त्रीय आधारही मिळाला. आतडे जोडायचे नाही, वेळ कमी लागतो, शिकायला सोपे. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास स्लीव्हने बायपासला मागे टाकले, आणि भारतातही तीच सर्वाधिक होणारी शस्त्रक्रिया ठरली. मग फिनलंडच्या २४० रुग्णांच्या चाचणीचे दहा वर्षांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. जादा वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४३.५ टक्के, तर बायपासने सुमारे ५०.७ टक्के उतरले होते. हा फरक फार मोठा नाही. पण अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या गटात ३१ टक्क्यांना आढळला आणि बायपासच्या गटात ७ टक्क्यांना. ज्याला आधीच छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते, त्याच्यासाठी निर्णय याच आकड्यावर फिरायला हवा. आणि स्लीव्हमध्ये काढलेले जठर परत बसवता येत नाही.

मिनी बायपास रॉबर्ट रटलेज यांनी १९९७ मध्ये सुरू केला आणि तो भारतात फार रुजला. यात लांबट कप्पा आणि आतड्याशी एकच जोड असतो. म्हणजे मेसन यांचे वेटोळे परत आले, फक्त कप्पा लांब असल्याने पित्त अन्ननलिकेपर्यंत पोहोचत नाही, असे त्याच्या समर्थकांचे म्हणणे. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीने दोन वर्षांत या शस्त्रक्रियेने वजन बायपासइतकेच उतरते असे दाखवले, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी तिच्यात जास्त होत्या. पित्त वर्षानुवर्षे कप्प्यात राहिल्याने पुढे काय होते, याचे पक्के उत्तर देण्याइतका काळ अजून गेलेला नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की प्रत्येक शस्त्रक्रिया आज ना उद्या मागे पडणार असेल तर ती करावीच का? उत्तर स्वीडनने दिले आहे. तिथे १९८७ पासून चार हजारांहून अधिक स्थूल माणसांचा मागोवा घेतला गेला, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे २९ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र त्या गटात दोन तृतीयांश लोकांवर मेसन यांची उभ्या टाक्यांची पद्धत वापरली होती, जी आता कुणी करत नाही. शस्त्रक्रियेच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत भक्कम पुरावा असा सोडून दिलेल्या पद्धतीचा आहे. त्यातून वजन उतरण्याने आयुष्य वाढते हे सिद्ध होते. आजच्या तीन पर्यायांपैकी कोणता निवडावा हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रुग्णाच्या शरीराकडेच वळावे लागते.

आणि इथे पुण्याचे संशोधन कामी येते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मोजमापे ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणूसही आतून चरबी बाळगून असतो. याच कारणाने भारतीयांसाठी शस्त्रक्रियेचा उंबरठा पाश्चात्त्यांपेक्षा अडीच अंकांनी खाली धरला गेला: ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार जोडीला असेल तर ३२.५. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने तर आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच हा पर्याय सुचवता येईल असे म्हटले. पण आपल्या शरीराची दुसरीही बाजू आहे. याज्ञिकांच्याच गटाला पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. बंगळुरूत शाकाहारी घरे पुष्कळ आहेत, आणि रोजचे जेवण भात, सांबार, रागीमुद्दे यांभोवती फिरते. त्यात प्रथिने आधीच कमी. अशा माणसाच्या आतड्याचा दीड-दोन मीटर भाग वगळायचा, तर लोह, बी-१२ आणि प्रथिनांची तूट तिथूनच पुढे वाढते. स्लीव्हमध्ये ही जोखीम कमी असते, नाहीशी होत नाही.

बंगळुरूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जिची चर्चा मला फार कमी दिसते. किडवाई स्मारक कर्करोग संस्थेत १९८२ पासून शहरातल्या कर्करोगांची नोंद ठेवली जाते, आणि तिथल्या पुरुषांत जठराचा कर्करोग वर्षानुवर्षे पहिल्या काही क्रमांकांत राहिला आहे. मुंबईत त्याचे प्रमाण कमी आहे. बायपास आणि मिनी बायपासनंतर मूळ जठर पोटात तसेच राहते, पण तोंडावाटे नेहमीची दुर्बीण घालून ते पाहता येत नाही. जठराचा कर्करोग जास्त असलेल्या जपानमध्ये याच कारणाने स्लीव्हकडे कल राहिला. बंगळुरूच्या प्रत्येक रुग्णाने बायपास टाळावा असा याचा अर्थ नाही. पण घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर शस्त्रक्रियेआधी दुर्बिणीने तपासणी आणि हेलिकोबॅक्टर जिवाणूची चाचणी झालीच पाहिजे, आणि पर्यायांच्या तागडीत ही माहिती पडलीच पाहिजे.

विम्याचा नियम मात्र अजून पाश्चात्त्य मापावर अडलेला आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवलेल्या शब्दांनुसार दावा मान्य होण्यासाठी बॉडी मास इंडेक्सचा ४० चा आकडा लागतो, किंवा गंभीर आजारासह ३५ चा. हा निकष १९९१ च्या अमेरिकी सहमतीपत्रातला आहे. ३३ चा आकडा आणि आटोक्यात न येणारा मधुमेह असलेली बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागातली व्यक्ती वैद्यकीय निकषात बसते, विम्याच्या निकषात बसत नाही. तिने वजन आणखी वाढण्याची वाट पाहायची का? हा अन्याय आहे आणि नियामकाने तो दूर करायला हवा.

आता औषधे आली आहेत, मग कापाकापी कशाला, हा आजचा सर्वांत मोठा आक्षेप. टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले, वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरले आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेने २० टक्क्यांच्या आसपास. हे मोठे यश आहे, आणि मध्यम स्थूलतेच्या अनेकांनी आधी हाच मार्ग घ्यावा असे मला वाटते. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, आणि या औषधांच्या वीस वर्षांच्या नोंदी अजून कुणाकडेच नाहीत. बँडच्या वेळीही नव्हत्या.

शेवटचा आक्षेप असा की हे सगळे रुग्णाला काय कळणार, डॉक्टर ठरवतील ते करावे. जठर किती कापायचे, आतडे कुठे जोडायचे, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. पण शल्यविशारद ज्या शस्त्रक्रियेत तरबेज असतो तिच्याकडे झुकतो, हेही सत्तर वर्षांत वारंवार दिसले आहे, आणि त्यात लबाडी असावीच लागते असे नाही. मे २०२२ मध्ये बंगळुरूत एका तरुण अभिनेत्रीचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. चरबी ओढून काढणे हा वजनाच्या आजारावरचा उपचारच नव्हे, आणि एवढा फरकही अनेकांना कुणी समजावून सांगत नाही. माझे मत असे: छातीत जळजळ किंवा जुना मधुमेह असेल तर बायपासचा विचार आधी करावा. रक्तात आधीच तूट असेल, घरात जठराच्या कर्करोगाचा इतिहास असेल किंवा ही तूट भरून काढणाऱ्या गोळ्या आयुष्यभर नेमाने घेणे जमणार नसेल तर स्लीव्हचा. मिनी बायपास अशाच ठिकाणी करून घ्यावा जिथे आहारतज्ज्ञ आणि रक्ततपासणी दर वर्षी मिळेल. बंगळुरूतली माणसे नोकरीसाठी गावे बदलतात. म्हणून शस्त्रक्रियेचा संपूर्ण अहवाल, त्यात शस्त्रक्रियेचे नेमके नाव आणि वगळलेल्या आतड्याची सेंटिमीटरमधली लांबी लिहून घ्या, आणि तो कागद जपून ठेवा. दहा वर्षांनी पुण्यात किंवा बेळगावात नवा डॉक्टर सर्वांत आधी तोच मागेल.