तळटीप : राकेश शर्मांचं अशोकचक्र

पृष्ठावर उल्लेखलेलं ‘अशोकचक्र’ म्हणजे शत्रूशी समोरासमोरच्या लढाईव्यतिरिक्त गाजवलेल्या शौर्याचा देशातला सर्वोच्च सन्मान. सुरुवात १९५२ सालची. सोनेरी मुलाम्याच्या गोल पदकावर कमळांनी वेढलेलं चक्र, गर्द हिरव्या फितीच्या मधोमध केशरी पट्टी. रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचं. बाई जन्माने युरोपातल्या, लग्नानंतर पक्क्या इथल्या.

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून अंतराळात झेपावले. अशोकचक्र त्यांच्याबरोबरच यूरी मालिशेव आणि गेन्नादी स्त्रेकालोव या सोव्हिएत सहकाऱ्यांनाही मिळालं. राखीव अंतराळवीर रवीश मल्होत्रा जमिनीवरच राहिले. त्यांना कीर्तिचक्र देण्यात आलं. हे उचितच झालं, कारण प्रशिक्षण दोघांनीही सारखंच घेतलं होतं.

हा सन्मान गणवेशधाऱ्यांपुरता नाही. घाटकोपर पूर्वेला ज्यांच्या नावाचा चौक आहे, त्या नीरजा भनोत हवाई सेविका होत्या. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून सुटलेलं पॅन ॲमचं विमान कराचीत अतिरेक्यांनी ताब्यात घेतलं. प्रवाशांना वाचवताना नीरजा गोळ्यांना बळी पडल्या. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्यांना अशोकचक्र मरणोत्तर मिळालं.