होय-नाहीची तार

परवा लॅबमध्ये एका नव्या मोटर कंट्रोलरचे डिजिटल इनपुट जुळवत बसलो होतो. एक 'चालू', दुसरं 'उलट', तिसरं 'थांब'. प्रत्येकावर २४ व्होल्ट आहेत किंवा नाहीत, बस्स. मोटरचा खरा प्रवाह या तारांच्या वाटेला जातच नाही. ही कल्पना मायक्रोप्रोसेसरच्या जमान्यातली वाटते, पण आहे फ्रँक स्प्रेगच्या काळची.

तोवर ट्रामचालकाच्या हँडलखालच्या कंट्रोलरमधूनच मोटरचा सगळा प्रवाह जाई. एका डब्यापुरतं ठीक. पण आख्ख्या गाडीच्या मोटरा एका हँडलवर कशा घ्यायच्या? स्प्रेग तेव्हा विजेच्या लिफ्ट बनवत होता. लिफ्ट दुरून चालवण्याची युक्ती त्याने गाडीला लावली: डब्याडब्यात मोटर आणि कंट्रोलर, आणि सगळ्या डब्यांतून जाणाऱ्या हुकमाच्या बारीक तारा. १८९७ च्या जुलैत स्केनेक्टडीला त्याच्या शाळकरी मुलाने, डेस्मंडने, अशी गाडी चालवून दाखवली! १८९८ मध्ये शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेडवर ही पद्धत रुजू झाली. १९२५ साली बोरीबंदरहून कुर्ल्याला सुटलेली आपली पहिली विजेची लोकलही याच वंशातली.

मला यात सगळ्यात आवडते ती नकाराची बाजू. हुकूम गेला की कॉन्टॅक्टर उघडतो. मग हँडल सोडलेलं असो की तार तुटलेली. म्हणून 'थांब' इनपुट नेहमी उलटं लावायचं: व्होल्टेज आहे तोवर चाल, गेलं की थांब. माझ्या कंट्रोलरात मात्र मुळात ते सरळ लावलेलं होतं. सहज तार उपटून पाहिली, तर मोटर आपली फिरतेच आहे! सेटिंग बदललं, पुन्हा उपटली. थांबली.