चौलचं सोनं

ओहोटी लागली की रेवदंड्याच्या किनाऱ्यावर उतरा आणि दक्षिणेकडे चालू लागा. उजव्या हाताला समुद्र, डावीकडे किल्ल्याचा पडका तट, समोर कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा लांबट डोंगर. इथला खडक काळा बेसॉल्ट, त्यात कोलारसारखी सोन्याची शीर नाही. तरी शतकानुशतकं या खाडीत सोनं उतरलं, कारण ते आणणारा वारा दरवर्षी न चुकता यायचा.

तटातून आत शिरा. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून सातखणी बुरूज डोकावतो. फ्रान्सिस्कन मठाचा तो उरलेला मनोरा. त्याच्या सावलीत उभे राहा आणि मागे चला. १७४० : किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे येतो आहे. १५९४ : पलीकडच्या कोर्लईवर पोर्तुगीज चढले आहेत. १५७१ : मुर्तझा निजामशहाचा वेढा, रात्रंदिवस तोफा. इथे रेंगाळू नका. किल्ल्यांच्या कहाण्यांत लढायाच फार सांगितल्या जातात, आणि ज्या बाजारासाठी त्या झाल्या तो बाजूला राहतो.

तो बाजार पाहायला १५१४ च्या आसपास या. थंडीचे दिवस आहेत. तुमच्या पायाखाली अजून किल्ला नाही, तो १५२१ नंतर उभा राहील. खाडीच्या वर, जुन्या चौल बंदराच्या बाजूला धुरळा उठला आहे. घाटावरून बैलांचे तांडे उतरताहेत, प्रत्येकाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या लांब गोणी, आणि एकेक माणूस वीस-तीस बैल हाकतो आहे. दुआर्ते बार्बोझा नावाच्या पोर्तुगिजाने हे लिहून ठेवलं आहे. व्यापारी वर्षभर देशावरच्या शहरांत राहतात आणि डिसेंबर ते मार्च इथे येऊन शहराबाहेर पालं ठोकतात. तुम्ही त्या पालांमधून चाला. धान्य, मसाले, आणि कापडाच्या थप्प्या. एका थप्पीवर हात ठेवा. हे कापड ईशान्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागेल, सोफाल्यापर्यंत पोचेल. तिथून आत, आजच्या झिंबाब्वेच्या पठारावर, माणसं खरोखर सोन्याच्या खाणी खणतात. कापडाच्या बदल्यात ते सोनं गलबतात चढतं आणि नैऋत्येच्या वाऱ्यावर इकडे येतं. चौलची खाण म्हणजे इथले माग होते, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी मागे, १४६९ च्या सुमाराला. धक्क्यावर गर्दी जमली आहे. होर्मुझहून आलेल्या जहाजातून एक गोरा, दाढीवाला माणूस आपला घोडा उतरवतो आहे. हा अफानासी निकितीन, रशियातल्या त्वेरचा. घोडा त्याने शंभर रूबलांना घेतला आहे आणि बहमनी मुलखात तो चढ्या भावात जाईल अशी त्याची आशा आहे. तो जाईल तिकडे लोक त्याला पाहायला मागे लागतात; तुम्हीही त्या घोळक्यात आहात. त्याला पालीकडे वाट दाखवा, पण पुढचं सांगू नका. जुन्नरला तिथला खान घोडा काढून घेईल आणि म्हणेल, आमचा धर्म घे, घोडाही देतो आणि वर हजार सोन्याची नाणी. नाहीतर हजार नाणी तूच भर. एका खोरासानी माणसाच्या रदबदलीमुळे निकितीन सुटेल, घोडाही परत मिळेल आणि शेवटी बिदरला विकला जाईल. निकितीनचा स्मारकस्तंभ रेवदंड्यात आहे. आज परतताना तिथे जरूर थांबा.

त्याहून मागे, ९१६ मध्ये याच बंदराला अरब ‘सैमूर’ म्हणतात. प्रवासी अल-मसुदी इथे आला आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे सुमारे दहा हजार मुसलमान त्याला इथे नांदताना दिसतात. राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमतो, आणि तो प्रमुख त्यांचे तंटे सोडवतो.

आता चौलची हिंगळाजची टेकडी चढा. देवळाजवळ बौद्ध लेणी आहेत. घाम पुसा आणि पहिल्या-दुसऱ्या शतकात बसा. ग्रीक दर्यावर्दी खालच्या बंदराला ‘सेमुल्ला’ म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांपुढे ‘चेमुल’ कोरलेलं आहे. तिकडे रोममध्ये प्लिनी त्रागा करतो की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो.

टेकडीवरून खाली पाहाल तर आज बंदर ओळखू येणार नाही. खाडी गाळाने भरली. सतराव्या शतकात इंग्रजांच्या मुंबईने विणकरांना बोलावलं, माग तिकडे गेले आणि त्यांच्यामागे जहाजंही. पोर्तुगीज गेले, इथली माणसं राहिली. अलिबागहून समुद्रस्नानाला येणाऱ्या गाड्या या सगळ्याजवळून सुसाट जातात, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून टेकडी उतरलात की पूल ओलांडून कोर्लईला जा. गावात पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली आजही घरांत बोलली जाते. एखाद्या आजींना नमस्कार करून त्यांच्याशी दोन शब्द बोला, मगच दिवादांडीच्या बाजूने किल्ल्याच्या पायऱ्या चढा. चढ उघडा आहे, दुपारी दगड तापतात. पाणी बरोबर घ्या आणि चारनंतर निघा.