इंजिनांतील तेलाची गळती

जुनी मोटार रात्रभर ज्या जागीं उभी राहते, तेथें सकाळीं एक काळसर, चकचकीत डाग पडलेला आढळतो. घरांतील मंडळी फरशी खराब झाली म्हणून कुरकुरतात, आणि गाडीचा धनी थोडा ओशाळतो. परंतु मोटारगाडीच्या इतिहासाकडे पाहिलें तर असें दिसतें कीं, पहिलीं कित्येक वर्षें तेल गळणें हा दोष मानलाच जात नसे. तो इंजिनाच्या रचनेचाच एक भाग होता.

विसाव्या शतकाच्या आरंभींच्या पुष्कळ गाड्यांत बेअरिंगांवर तेल थेंबथेंब सोडण्याची योजना असे. चालकासमोर कांचेच्या नळ्या बसविलेल्या असत आणि थेंब पडतो कीं नाहीं, इकडे तो एक डोळा ठेवी. वापरलेलें तेल पुन्हां उपयोगांत येत नसे. कांहीं जळून जाई, उरलेलें रस्त्यावर सांडे. पहिल्या महायुद्धांतील विमानांच्या फिरत्या इंजिनांत तर एरंडेल घालीत, आणि तें बाहेर फेंकलें जाऊन वैमानिकाच्या तोंडावर उडे. इंग्लंडांतील वेकफील्ड यांच्या कंपनीनें १९०९ सालीं आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें, तेंही एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच. ज्या औषधाच्या नुसत्या नांवानें घरोघरचीं मुलें पळ काढीत, त्यानें इंजिनांचीही अशी सेवा केली आहे.

१९०८ सालीं हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ गाडी निघाली व १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिला तेलाचा पंप नव्हता. मागचें जड चक्र फिरतांना तेल वर उडवी आणि एका नळीवाटे तें पुढच्या भागाकडे वाहून जाई. तेल किती उरलें हें पाहण्यास आजच्यासारखी काठीही नव्हती. तळाशीं खालींवर दोन लहान तोट्या होत्या. वरच्या तोटींतून तेल आलें तर तें जास्त झालें, खालच्या तोटींतूनही आलें नाहीं तर तें फार कमी झालें असें समजावयाचें. त्यासाठीं चालकाला पक्कड घेऊन, पावसाळा असो कीं उन्हाळा, गाडीखालीं शिरावें लागे. ज्यानें आळस केला, त्याच्या बेअरिंगांतील मऊ धातु वितळून जाई. मात्र या गाडीचा क्लच व गिअर इंजिनाच्याच तेलांत फिरत असल्यामुळें, मुख्य दांड्याच्या मागच्या टोंकाशीं तेल निसटलें तरी तें त्याच पेटींत राही.

पुढें कोरडा क्लच आला आणि सगळेंच बदललें. आतां मागच्या टोंकाशीं निसटलेलें तेल क्लचच्या तबकडीवर जाऊं लागलें. इंजिन गर्जे, पण चढावर गाडी पुढें सरकेना. स्थिर भागांमधील फट बुजविणें कठीण नव्हतें. बुचाच्या झाडाची साल, कागद आणि हिंदुस्थानांतील लाखेपासून बनणारें शेलॅक एवढ्यावर तें काम भागे. खरा पेच होता तो फिरत्या दांड्याचा. त्याला घट्ट आवळावें तर तो तापून झिजतो. मोकळा सोडावा तर तेल निघून जातें.

फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मध्यें यावर तेल झटकून टाकणारी एक कडी व तें परत नेणारी नळी एवढाच उपाय होता. कांहीं इंग्रज कारखानदार दांड्यावर उलट आट्यांची खोबण कापीत. दांडा फिरूं लागला कीं ती खोबण तेलाला आंत ढकली. युक्ति मोठी सुंदर; पण दांडा फिरत असेल तोंवरच ती चालावयाची. इंजिन बंद करून गाडी नाक वर करून चढावर उभी केली कीं तेलाला वाट मोकळी! शिवाय बेअरिंग झिजून दांडा डळमळूं लागला म्हणजे खोबणीचा कांहींच उपयोग राहत नसे. १९६२ सालीं निघालेल्या ‘एम्. जी. बी.’ गाडीच्या तीन बेअरिंगांच्या इंजिनांतही हीच खोबण होती; १९६४ च्या अखेरीस पांच बेअरिंगांचें इंजिन आलें, तेव्हां तेथें रबराचें सील बसलें. अम्बॅसडर गाडींतील १४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन याच घराण्यांतलें. इंग्रजी गाड्यांविषयीं एक विनोद सर्वतोमुखीं आहे, तो असा कीं, गळती थांबली तर तेल संपलें असें समजावें. विनोद सोडला तरी त्यांतला इशारा खोटा नाहीं.

अमेरिकेंत बहुतेकांनीं दोरीचा मार्ग धरला. ग्रॅफाइट चोळलेली अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी तेलांत भिजवून, गोल खोबणींत ठोकून बसवीत. बसविणाराचा हात सधा असेल तर ती कित्येक वर्षें टिके. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातींत गेल्यानें जीवघेणे रोग होतात, म्हणून जुनी दोरी काढतांना ती ओली करावी. कोरडी खरवडूं नये आणि वाऱ्याच्या नळीनें तर मुळींच उडवूं नये.

या पेचाचें उत्तर एका कातडें कमावणाऱ्या कारखान्यांतून आलें, हा इतिहासांतील मोठा मौजेचा भाग होय. जर्मनींतील वाइनहाइम येथें १८४९ मध्यें स्थापन झालेल्या फ्रॉइडेनबर्ग यांच्या कारखान्याला १९२९ च्या सुमारास मंदीचा तडाखा बसला. कातड्याला नवें गिऱ्हाईक शोधतांना त्यांनीं दांड्याभोंवतीं बसणाऱ्या चामड्याच्या कड्या करण्यास आरंभ केला. पुढें वाल्टर झिमर या इंजिनिअराच्या नांवावरून ‘झिमररिंग’ निघाली. धातूची चौकट, तींत लवचीक ओठ आणि तो दांड्याशीं हलकेच भिडवून ठेवणारी गोल स्प्रिंग. १९३६ पासून चामड्याची जागा कृत्रिम रबर घेऊं लागलें. कारण साधें रबर खनिज तेलांत फुगून निकामी होतें. याच कारखान्याच्या इतिहासाला एक काळीकुट्ट बाजूही आहे. महायुद्धाच्या काळांत झाक्सनहाउझेनच्या छळछावणींत कैद्यांना दिवसदिवस चालावयास लावून त्याच्या बुटांच्या तळव्यांची परीक्षा घेतली गेली. सीलाची स्तुति करतांना हें विसरतां येत नाहीं.

आज जुन्या गाडीची गळती थांबवूं पाहणारानें हाच इतिहास उलट्या क्रमानें वाचावा. प्रथम इंजिन स्वच्छ धुवून पुसावें, थोडें चालवावें आणि खालीं कागद पसरावा. तेल वाऱ्यानें मागें ढकललें जातें, म्हणून थेंब पडतो तेथें नव्हे, तर सर्वांत वरचा ओला भाग दिसेल तेथें उगम शोधावा. त्यानंतर इंजिनाचा श्वासमार्ग पाहावा. तो कोंडला असेल तर आंतील वायूचा दाब धडधाकट सीलांतूनही तेल बाहेर लोटतो, आणि एक नळी साफ करून भागणारें काम गिअरपेटी उतरविण्यापर्यंत जातें. मिस्त्रीलोक ज्याला चेंबर म्हणतात त्या तेलाच्या तळपेटीचें बुचाचें पॅकिंग गळूं लागलें कीं पाना घेऊन बोल्ट पिळण्याचा मोह होतो. तसें केल्यास बूच फुटतें, पत्रा वांकतो आणि गळती दुप्पट होते. पत्रा काढून, सपाट ठोकून, नवें पॅकिंग बेतानें आवळणें हाच मार्ग.

मागचें सील बदलणें मात्र महाग पडतें. सील स्वस्त असतें; तेथवर पोंचण्याची मजुरी जड असते. म्हणून गिअरपेटी उतरलीच आहे तर दांड्यावर नख फिरवून पाहावें. जुन्या सीलाच्या ओठानें तेथें बारीक चर पाडला असेल, तर त्याच जागीं बसविलेलें नवें सील लौकरच गळूं लागेल. जागा असल्यास तें किंचित् आंत किंवा बाहेर बसवावें, म्हणजे त्याच्या ओठाला दांड्याचा गुळगुळीत भाग मिळतो.